वाटीतले चिंचोके

थोरल्या आईला दहाच्या पुढं मोजता येत नाही, असा आमच्या गावाचा ठाम समज होता. तिनं तो कधी खोडून काढला नाही. थोरली आई म्हणजे माझी थोरली चुलती, वडिलांच्या वारलेल्या भावाची बायको. वडील पलटणीत, लढाईवर, तेव्हा घरात कर्तं माणूस ती एकटीच. मेढ्यापासून कोसभर आत, वेण्णेच्या काठाला आमचं घर आणि भाताची चार खाचरं होती. त्या सगळ्यावर तिची नजर फिरे आणि नजरेच्या पुढं तिचं तोंड फिरे. ती मायेनं बोलली तरी अंगणातली कोंबडी दचकून उडायची.

तिची मोजायची रीत सोपी होती. देवळीत एक पितळेची वाटी असे. म्हैस गाभण राहिली की तिचे महिने, भात पेरलं की त्याचे आठवडे, कुणाचं सुतक आलं की त्याचे दिवस, जे काय मोजायचं असेल त्याचे चिंचोके त्या वाटीत पडत. सकाळी आंघोळ झाली की एक चिंचोका टाकायचा आणि हात जोडायचे. वाण्यानं दिलेलं पंचांग खुंटीला होतं, पण ते वाचणारा माणूस साता समुद्रापलीकडं होता. मला वाचता येत होतं. मी मराठी चौथीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पण अकरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? वाटीनं सांगितलं ते खरं, असा घरचा कायदा होता.

वडील आदल्या वैशाखात रजेवर येऊन परत लढाईवर गेले होते आणि त्या वर्षी माघात माझी आई दिवसांची होती. तुम्हाला वाटेल, आनंदाची गोष्ट. पण आमच्या घरात बाळंतपण म्हटलं की बायकांची बोलणी बंद व्हायची. माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले होते. दोन्ही धडधाकट, रडण्यानं घर डोक्यावर घेणारे. आणि दोन्ही सातव्या-आठव्या दिवशी दूध ओढेनासे झाले, जबडा मिटला, अंग लाकडासारखं ताठलं आणि गेले. लोक म्हणाले, सटवाईनं नेले. थोरल्या आईची तीन मुलं तिच्या तरुणपणी अशीच गेली होती. आमच्या वरच्या खाचराच्या बांधाला पाच लहान ढिगारे होते आणि त्या अंगाचं गवत कुणी कापायचं नाही असा दंडक होता. पोटातलं हे सहावं तरी राहतं की नाही, एवढाच प्रश्न घरात होता आणि तो कुणी तोंडानं विचारत नव्हतं.

नेमकं आठवडी बाजाराच्या दिवशी आईचं पोट दुखू लागलं. गावची सुईण तिच्या लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याकडं गेलेली. थोरल्या आईनं मला बाजारात पिटाळलं. "मेढ्यात कुनी बी म्हातारी गावली तर घिऊन ये. पळ. आन् वाटंत पारंब्याला लोंबकळू नगंस."

मेढ्यात एकही म्हातारी मिळेना. मिळाली ती कातकरीण. कातकरी लोक कोकणातून घाट चढून वर येत आणि आमच्या डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लावत. तेव्हा पेट्रोल नव्हतं, साताऱ्याची मोटारसुद्धा मागं शेगडी लावून कोळशावर चाले आणि चढ आला की उतारूंनी ढकलावी लागे. तो कोळसा या लोकांनी जाळलेला. ही बाई बाजाराला मोळी आणि मध घेऊन येई. काळीसावळी, काटकुळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हसली की दात मिशेरीनं काळे. डोंगरावरच्या बायकांना तीच सोडवते असं मी ऐकलं होतं. मी तिच्यापुढं उभी राहून एका दमात सगळं सांगितलं आणि मग भोकाड पसरलं. तिनं मधाचं मडकं शेजारणीकडं दिलं, ओचा खोचला आणि माझ्याआधी चालायला लागली.

घरी पोचलो तशी ती दारात थांबली. कातकऱ्यांना कुणी घरात घेत नसे, त्यांना अंगणाच्या कडेला उभं करून वरून पाणी वाढायचं अशी रीत. आतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. थोरल्या आईनं तिच्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "आत ये म्हनावं तिला. बाळंतिनीच्या खोलीला इटाळच असतोय. इटाळात इटाळ काय लागायचा?"

म्हणजे असं की, मूल झालं की घराला दहा दिवस सोयर. बाळंतिणीच्या खोलीत जो जाईल तो विटाळलेलाच. मग त्यात कातकरीण काय आणि कोण काय. अकराव्या दिवशी घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, आणि मग पुन्हा ज्याचा त्याचा उंबरा ज्याला त्याला. तोवर दार उघडं.

ती बाई घरात होती तोवर थोरली आई तिच्याशी एक शब्द थेट बोलली नाही. मधे मी. "तिला इचार, पानी किती तापवू?" ती बाई हातभर अंतरावर बसलेली. "तिला सांग, आदन ठेवलंय." मी आपली इकडचं तोंड तिकडं करून तेच पुन्हा सांगायची. तिला मी मावशी म्हणायला लागले. तेही थोरल्या आईला खपलं नाही, पण त्यावर बोलायचं तर माझ्याशीच बोलावं लागणार, आणि मी तर मधेच बसलेली.

मावशीनं आधी कोपरापर्यंत हात राखेनं घासून कढत पाण्यानं धुतले. मला कुंपणातून ओला बांबू आणायला लावला, त्याची पात्यासारखी कामटी काढली आणि ती चुलीच्या जाळावर धरली. घरचा विळा थोरल्या आईनं पुढं केला होता, तो तिनं घेतला नाही. दिवस मावळायच्या आत माझा भाऊ झाला. नाळ कापून झाल्यावर थोरली आई रीतीप्रमाणं शेणीची राख घेऊन आली, बेंबीवर चोपडायला. मावशीनं बाळाच्या बेंबीवर आपला हात उपडा ठेवला आणि म्हणाली, "नगं."

थोरल्या आईला 'नगं' म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तिला इचार," थोरली आई मला म्हणाली, "मग काय लावायचं?"

"काय न्हाय," मावशी म्हणाली. "सुकू द्यायचं."

थोरली आई राख घेऊन बाहेर गेली आणि तिनं ती उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून तिनं वाटीत पहिला चिंचोका टाकला.

चौथ्या दिवशी आईला ताप भरला. पोट दुखे, अंग भाजे, डोळे उघडले तरी ओळख नसल्यासारखे. मेढ्याच्या एका शहाण्यानं सुचवलं, साताऱ्याला न्या. त्या शेगडीच्या मोटारीतून? दर चढाला उतरून ढकलत? मावशी म्हणाली, हलवली तर वाटेत जाईल. ती परत डोंगरावर गेलीच नाही. मागल्या पडवीत गोणपाटावर पडे आणि दिवसभर आईपाशी बसे. धायटीची वाळली फुलं उकळून पाजी, शतावरीचं मूळ दुधात देई, फडकी उकळून उन्हात वाळत घाली, आणि आई 'नको' म्हणाली तरी दर थोड्या वेळानं पेजेचा घोट तोंडाला लावी. आज इतकी वर्षं सुईणीचं काम करून मी सांगते, त्या काढ्यानं ताप उतरला की उकळलेल्या फडक्यांनी, की नुसतं कुणीतरी चिवटपणानं पेज पाजली म्हणून, हे मला ठाऊक नाही. मावशी तिथं होती म्हणून आई टिकून होती, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

सहाव्या दिवशी थोरली आई शेजारणीला म्हणाली, "चार दिसांनी सारवून घ्यायचं. मग तिला वाटंला लावायची."

आई अजून तापानं फणफणत होती. चार दिवसांनी घर शुद्ध होणार, आणि मावशीला खोलीत पाय ठेवता येणार नाही. रीत म्हणजे रीत. थोरल्या आईपुढं रडून उपयोग नव्हता, तिच्यापुढं म्हशीसुद्धा हंबरायच्या नाहीत. मी दुपारी सगळे शेतात गेल्यावर देवळीपाशी गेले, वाटीत सहा चिंचोके होते, त्यातला एक उचलला आणि परकराच्या ओच्यात टाकला. चिंचोके माझ्यापाशी ढीगभर असत, आम्ही पोरी त्यांचा खेळ खेळायचो. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

मग मी दिवसाआड एक काढायला लागले. देवाच्या कामात खोट करतेय, सटवाई आता भावाला नेणार, असं वाटून मी झोपेत दचके. आठवा दिवस आला तेव्हा मी दिवसभर बाळाच्या जबड्याकडं बघत बसले. पण तो दूध ओढत होता. नववा गेला, दहावा गेला. मावशीनं ज्या बेंबीला काही लावू दिलं नाही ती वाळून गळूनसुद्धा गेली.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकत होती. वाटीतले चिंचोके मी काढी त्याच्याहून जास्त कमी होत. एकदा सात असायला हवे तिथं पाचच. मी इतकी घाबरले की एक परत टाकावा का असा विचार केला. त्याच संध्याकाळी थोरल्या आईनं मला हाक मारली. वाटी तिच्या हातात.

"ह्यातलं चिंचोकं कमी कसं दिसत्यात गं?"

"उंदरानं नेले असतील," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "आसंल," ती म्हणाली आणि वाटी देवळीत ठेवली.

काय भोळी बाई, असं मला वाटलं. मला तिची कीवसुद्धा आली.

बाळ झाल्यावर दुसरा बाजार येऊन गेला तेव्हा शेजारीण कंबरेवर हात ठेवून अंगणात आली. "आवं थोरल्या, पोर झाल्याला दोन बाजार झालं की! अजून इटाळ फिटला न्हाई व्हय?"

"वाटीत बघ जा," थोरली आई नाचणी पाखडत म्हणाली. "आठ हायत."

"आवं पर दोन बाजार म्हंजी..."

"आठ हायत म्हनलं नव्हं? बाजार तुमचं, वाटी माझी."

शेजारीण गावभर सांगत सुटली की थोरलीला मोजता येत नाही ते येत नाहीच, आता तर पोरगं रांगत बारशाला येईल. लोक हसले. थोरली आई नाचणी पाखडत राहिली.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी आईनं स्वतः होऊन भाकरी मागितली. चटणीबरोबर. मावशी हसली, मी नाचले आणि त्या दिवसापासून मी चिंचोका काढला नाही. दोन दिवसांत वाटीत दहा भरले. जणू वाटीलासुद्धा घाई झाली होती.

मग सारवण झालं आणि माझ्या मनात थोरल्या आईबद्दल राग बसला तो त्या दिवशी. मावशीला अंगणात गोठ्यापाशी बसवलं. नवं लुगडं, सुपात तांदूळ, नारळ, गुळाचा खडा, सगळं थोरल्या आईनं नीट मांडलं, कशात कसूर केली नाही. पण सूप जमिनीवर ठेवून ती चार पावलं मागं सरली आणि मग मावशीनं पुढं होऊन ते उचललं. वीस दिवस जिच्या मांडीवर माझा भाऊ वाढला तिनं बाळ बघायला मागितलं तर आईनं ते उंबऱ्याच्या आत उभं राहून उचलून दाखवलं. आईचे डोळे गळत होते. मावशीनं लांबूनच स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, सगळी बोटं कडाकडा वाजली. बाहेर जाऊन बाळ तिच्या हातात द्यावं असं मला वाटत होतं. मी दिलं नाही. अकरा वर्षांची होते, ही सबब आहे, पण मला ती पुरत नाही.

सूप पोचवायला म्हणून मी तिच्याबरोबर डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले. वाटेत मी शहाणपणानं म्हणाले, "मावशी, हा विटाळ फार वाईट."

ती थांबली. दमली होती, वीस दिवस नीट झोप नव्हती तिला. "वाईट कशाचा, बाय? तुमच्यात इटाळ हाय, म्हनून इसावा हाय. दहा दिस बाईला कुनी उठ म्हनत न्हाय. माझी धाकली भट्टीच्या कडंलाच झाली. तिसऱ्या दिसाला मी लाकडं रचत होते. आमाला इटाळ कोन देनार?"

मला काही कळलं नाही. घरी येऊन मी ते जसंच्या तसं थोरल्या आईला सांगितलं, खरं तर तिला टोचावं म्हणून. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड आत सारून म्हणाली, "जा, भाकरी खा."

लढाई संपली, वडील आले. पाय लंगडा घेऊन आले पण आले. परदेशातल्या इस्पितळात सहा महिने पडून त्यांनी नर्सा पाहिल्या होत्या, आणि मुलीनं हे शिकावं हा हट्ट त्यांनी तिथूनच पेटीत भरून आणला होता. भावकी म्हणाली, पोरगी वाया जाणार. थोरली आई म्हणाली, "जाऊ द्या की. घरात ऱ्हाऊन तरी काय दिवं लावतीया?" त्याला आमच्याकडं संमती म्हणतात.

सांगलीत माझे मामा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यांच्याकडं राहून मी सातवी झाले आणि मग तिथल्या एका इस्पितळात सुईणीचं शिकायला लागले. मामांच्या घरात अंथरूण-पांघरूण, भांडी, माझी वह्या-पुस्तकं, सगळं हळदीच्या धुळीनं पिवळं. पहिल्या दिवशी पांढरं पातळ नेसून गेले तर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुझं लग्न लागलंय का आज? पहिला धडा हात धुण्याचा, दुसरा नाळेचा. कात्री उकळा, बेंबीला राख-शेण लावू देऊ नका, त्यानं धनुर्वात होतो, मुलाचा जबडा मिटतो. मी पेन खाली ठेवलं. बांधावरचे पाच ढिगारे माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. सटवाई बिचारी फुकट बदनाम झाली होती. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, आमच्या डोंगरावरच्या एका कातकरणीला हे ठाऊक आहे. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तिला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. ते मी मावशीला कधी विचारलंच नव्हतं.

पुढल्या चैत्रात मी सुट्टीला घरी गेले तेव्हा आई म्हणाली, मावशी पौषापासून बाजाराला आली नाही, खोकते म्हणतात, आणि तिच्या धाकट्या लेकीचे दिवस भरलेत. तीच ती भट्टीच्या कडेला झालेली. मी पिशवीत कापूस, आयोडिन, कात्री भरली. जाताना बघते तर थोरली आई काठी घेऊन दारात उभी. "मी बी येते." पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेले. का येतेस विचारलं तर म्हणाली, "डोंगर काय तुझ्या मामानं इकत घेतलाय?"

चढायला दोन तास लागले. दर वळणाला ती थांबून मला म्हणे, "तू दमलीस, बस जरा."

खोपटात शिरले तर मूल होऊन दोन दिवस झालेले. मावशीनंच सोडवलं होतं, धापा टाकत. मुलगी झाली होती, छान वळवळणारी, बेंबी कोरडी, कुठं राखेचा कण नाही. मावशी मात्र निम्मी उरली होती. भट्टीच्या धुरानं छातीचं खोकं झालेलं, पाय सुजलेले, पापणी खाली ओढून बघितली तर आत रक्ताचा रंगच नाही. बाळंतीण तशीच पांढरीफटक. तिला रक्त बरंच गेलं होतं, आणि ती उठून डोक्याला फडकं बांधत होती. मुकादमाचा निरोप आला होता, उद्या भट्टी रचायची, सगळ्यांनी यायचं. जो येणार नाही त्याचं खोपटं दुसऱ्याला. तिला लाकडं उचलायला लावली तर पुन्हा रक्त सुरू होईल आणि डोंगरावर ते थांबवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

मुकादम बाहेरच होता. आमच्याच गावचा, भावकीतला. मी पदर नीट केला आणि जे काय सांगलीत शिकले होते ते सगळं त्याला ऐकवलं. रक्तस्राव, अशक्तपणा, विश्रांती. तो विडी झटकत हसला. "व्हय बाई. सांगलीचा कायदा सांगलीत. ह्यांच्यात तिसऱ्या दिवशी हिंडत्यात."

मागून काठी आपटली. "ह्या खोपटात इटाळ हाय," थोरली आई म्हणाली.

त्यानं विडी मागं लपवली. "आवं वयनी, कातकऱ्यांत कसला आलाय इटाळ?"

"तुला काय ठावं? तू बाळंतीन झालाईस व्हय?" त्याचे भट्टीवरचे गडी हसू दाबायला लागले. "हिच्या हातचं लाकूड तुझ्या भट्टीत गेलं, की त्यो कोळसा इटाळाचा. तुझ्या घरी बी त्योच जळतोय नव्हं? त्याच्यावर देवाचा निवद शिजवनार तुझी बायकू? मी सांगते खाली जाऊन सगळ्यास्नी, ह्यो इटाळाचा कोळसा इकतोय म्हनून."

"तसं न्हवं वयनी..."

"दहा दिस. तवर हिला कुनी उठ म्हनायचं न्हाई. आन् खोपटं दुसऱ्याला द्यायचं तर दे की. इटाळाच्या खोपटात कोन ऱ्हायला येतंय ते मी बघते."

तो गेला. माझ्या शिक्षणानं जे झालं नाही ते एका जुन्या, वाईट रीतीनं झालं. मला हसावं की चिडावं कळेना.

थोरली आई खोपटाकडं वळली. मावशी दारात उभी राहिली होती, हात आडवे धरून. "थोरल्या, आत नगं."

थोरल्या आईनं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं आता म्हणेल, तिला सांग. पण ती सरळ मावशीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "सर बाजूला. इटाळात इटाळ काय लागायचा?" आणि वाकून आत शिरली, गुडघे चोळत बसली, आणि ते पोर उचलून मांडीवर घेतलं. मावशी उभीच. "तू बी बस," थोरली आई म्हणाली. "नाळ कापली ती कुनी? मग तुला बी दहा दिस इटाळ. लाकडाला हात लावायचा न्हाई. नाचनी, गूळ, तूप मी धाडते."

मावशी बसली. मग ती एकदम तोंडात पदर कोंबून रडायला लागली आणि रडता रडता खोकायला लागली. थोरल्या आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अंगणात चार पावलं मागं सरणारी हीच बाई, असं मला सारखं वाटत होतं. तेव्हाचा माझा राग पुरा गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

निघताना तिनं कमरेच्या पिशवीतून चिंचोके काढले. तयारीनंच आली होती. खोपटाच्या कुडात एक करवंटी अडकवली आणि त्यात एक चिंचोका टाकला.

"दोन दिवस झालेत की," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अकरा वर्षांची झाले. "सांगलीत मोजायला शिकिवलं वाटतं तुला," ती म्हणाली आणि डोंगर उतरायला लागली.

चार दिवसांनी मी सांगलीला परतले. तिथं कामाच्या रगाड्यात होते, पण मन डोंगरावर. दहा दिवसांनी ती बाळंतीण भट्टीवर गेली असेल, तिला पुन्हा रक्त गेलं असेल, मावशी असेल की नसेल. महिना उलटला आणि वडिलांचं कार्ड आलं. फौजेतला माणूस, मोजून-मापून लिहिणारा. पाऊसपाणी, म्हैस व्याली, भाऊ शाळेत जातो, आणि शेवटी असं लिहिलेलं:

'थोरल्या वहिनी दर आठवड्याला डोंगरावर जातात. मुकादमाशी त्यांचं दोनदा वाजलं. तुला मुद्दाम लिहायला सांगतात की, बाळंतीण, मूल व म्हातारी खुशाल आहेत, परंतु त्या खोपटात उंदीर फार झाले आहेत, सबब विटाळ अद्याप फिटलेला नाही. करवंटीत आज सात आहेत. याचा अर्थ मला लागला नाही. तुला लागेल म्हणतात.'

इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून मी ते कार्ड तीनदा वाचलं. आमच्या देवळीतला दुसरा उंदीर कोण होता ते मला त्या दिवशी कळलं.